चौथ्या दिवसाचं पाणी

आमच्याकडे पाणी चौथ्या दिवशी येतं,
तेही रात्री, अडीच-तीनला.
पूर्व भागातल्या गल्लीत आधी घागरी जाग्या होतात,
मग माणसं.
मी लहान असल्यापासून भरतोय
आणि मी लहान असल्यापासून
अम्मा ते ओतून देतेय.

हंडा, पिंप, कळशी, सगळं मोरीत.
"कालवलंय ह्यात," म्हणायची, "वास घे, बघ."
मी घ्यायचो. पितळेचा यायचा.
आधी शेजारच्या अनसूयक्काचं नाव घ्यायची,
मग नानांचं. नाना माग बंद पडल्यावर
सुरतेला गेले ते तिकडचेच झाले.
मग नाव घ्यायला मीच उरलो.

विडी कारखान्यातला चेकर
तिच्याशी भिंतीतून बोलायचा. मराठीत.
हजारातल्या दोनशे छाट काढायचा
आणि वर सांगायचा, पोरगाच घालतोय.
तीस वर्षं ती त्याला तेलुगूत शिव्या देत राहिली.
गोळ्या कधी जिभेखाली, कधी सुपाखाली;
सूप झाडलं की तेंदूच्या चुऱ्यातून
पिवळ्या टिकल्या घरंगळायच्या.

आता डॉक्टर म्हणतात, हा दुसरा आजार.
पहिला बरा झालेला नाही,
त्याच्याच खोलीत हा राहायला आलाय.
फोटोत मेंदू दाखवला:
पहिल्या धुण्यात आटलेल्या चादरीसारखा,
कडेनं आत ओढलेला.
"जुन्या गोळ्या निम्म्या करू, ह्या वयात सोसत नाहीत."
मी निम्म्या करतो. तिच्याच कात्रीनं,
पानं कापायच्या.

मराठी आधी गेली.
तिच्याबरोबर चेकरही गेला असावा.
भिंतीकडे बघते अजून, पण
शेवटची एसटी चुकलेल्या माणसासारखी.
मग चूल कुठाय ते गेलं, मग संडास,
मग गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास
मी.

"एवरु नुव्वु?" कोण तू?
म्हटलं, अंबादास.
नाव तिनं तोंडात फिरवून पाहिलं
आणि शेंगेचं टरफल थुंकावं तसं टाकून दिलं.
मग माझा हात धरून, दबक्या आवाजात, तेलुगूत:
"माझा एक मुलगा आहे. पाण्यात घालतो काहीतरी.
तू दे बाबा. तू मंचि पिल्लोडु दिसतोस, चांगला पोरगा."

दोन तांबे प्यायली, गटागटा.
तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातचं.

मी उंबऱ्यावर येऊन बसलो.
ओळख पटली नाही म्हणून निर्दोष सुटलेला.
अनसूयक्का म्हणाली, सुटलास रे.
म्हटलं, हो.
तिला काय सांगणार, संशय घेताना
अम्मा माझ्याकडे किती नीट बघायची.
माझी बोटं, नखं, बाहीची घडी.
एवढं नीट मला दुसऱ्या कोणी बघितलेलं नाही.

दुपारी ती विजेच्या बिलाची विडी वळते.
नसलेला दोरा दातात धरून बांधते.
सुपातून माझ्यापुढे करते.
मी एकेक उचलून बघतो
आणि एकही छाट काढत नाही.

परवा पाणी सव्वातीनला आलं.
ती उठून बसलेलीच होती. ग्लास दिला.
नाकाशी नेला. थांबली.
माझ्या हातांकडे बघितलं, मग वर.
"अंबादास," म्हणाली, "काय घातलंस?"

आणि ओतला. ग्लास, मग कळशी,
मग हंडा, दोन्ही हातांनी कलता करून,
हाडांची मोळी झालेल्या त्या बाईत
इतकं बळ कुठून आलं कोण जाणे.
मी अडवलं नाही.
पाणी माझ्या पायांवरून मोरीकडे गेलं,
थंड, बोलत,
कोपऱ्यातली निम्मी गोळी बरोबर घेऊन.

नळ जायला अजून वीस मिनिटं होती.